घरचें कपाट : सूर मारणाऱ्या विमानांची चोपडी

गेल्या महिन्यांत या सदरांत आम्हीं जुन्या पोथ्यांस लागणाऱ्या कसरीविषयीं लिहिलें होतें. त्यावर एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्या विचारतात कीं, पोथ्या, पुराणें आणि वडिलांनीं जमविलेले कोश जपावेत हें ठीक. परंतु घरांतील तरुण मुलें आपल्या छंदापायीं जीं इंग्रजी पुस्तकें भारी किंमत देऊन आणतात, त्यांस घरच्या कपाटांत जागा द्यावी काय? एरवीं या प्रश्नाचें उत्तर आम्हीं दोन ओळींत दिलें असतें. परंतु गेल्या पावसाळ्यांत तोच प्रश्न आमच्याच घरीं उपस्थित झाला, आणि आम्हीं प्रथम दिलेला निकाल चुकीचा ठरला. तेव्हां तो सगळा प्रकार वाचकांपुढें मांडणें हेंच प्रामाणिकपणाचें होईल.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा यंत्रविद्येच्या महाविद्यालयांत शिकतो. शिकवण्या करून मिळविलेल्या पैशांतून त्यानें मुंबईच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून टपालानें एक चोपडी मागविली. पाकीट फोडलें तों आंतून शाळेच्या वहीएवढी, बोटाच्या पेराइतकीही जाड नसलेली एक पुस्तिका निघाली. आणि तिची किंमत म्हणाल तर आमच्या घरच्या महिन्याच्या वाणसामानाएवढी! बंधू संतापले. आमच्या घरांतून शेरा आला कीं, ही रद्दी सोनाराच्या कांट्यावर तोलून दिलेली दिसते. घरांतील वडील या नात्यानें निकाल आमच्याकडे आला. आम्हीं चष्मा लावून चोपडी चाळली. विषय दुसऱ्या महायुद्धांतील जपानी आरमाराचीं बाँबफेकीं विमानें. आम्हीं सांगितलें, “मरणाचीं यंत्रें मोजण्यांत एवढा पैसा घालणें आपल्या घरास शोभत नाहीं. परत पाठवितां येत असेल तर पाठव.” मुलगा उलट बोलला नाहीं. चोपडी कागदांत गुंडाळून त्यानें कपाटावर ठेवली. ज्या रत्नागिरींत १८२८ सालापासून नगर वाचनालय चालत आलें आहे, त्या गांवांत पुस्तकावर पैसे खर्चल्याबद्दल आपण मुलास रागें भरलों, याची लाज आम्हांस पुढें वाटली. त्या दिवशीं वाटली नाहीं.

ही चोपडी कोणती तें आधीं सांगतों. इंग्लंडांत १९६५ सालापासून ‘प्रोफाइल’ या नांवाची एक माला निघूं लागली. एका विमानास एक पुस्तिका, असा तिचा नेम. प्रत्येक पुस्तिकेंत त्या विमानाचा जन्मवृत्तांत, छायाचित्रें, आणि मधल्या पानांवर रंगीत चित्रें. त्या काळीं या पुस्तिका स्वस्त होत्या. मुलें खाऊच्या पैशांतून घेत आणि हाताळून हाताळून फाडून टाकीत. माला बंद पडल्यावर धड राहिलेल्या प्रतींस संग्राहकांचा भाव आला. त्या मालेंतील २४१ व्या क्रमांकाची ही पुस्तिका. कर्ते रिचर्ड्स आणि स्मिथ. विषय दोन विमानांचा: एक आयची कंपनीचें ‘डी-३-ए’ आणि दुसरें योकोसुका येथील आरमारी कारखान्यांत आराखडा झालेलें ‘डी-४-वाय’. या विषयाचा कोश म्हणावा असा दुसरा एक जाडजूड ग्रंथ आहे. तो फ्रान्सिलन यांचा, प्रशांत महासागरांतील युद्धांतल्या समस्त जपानी विमानांवरचा, १९७० सालीं निघालेला. तो आमच्या पुतण्यानें पूर्वींच पैदा केला होता, हें आम्हांस मागाहून कळलें.

चोपडी तशीच कपाटावर राहिली असती. परंतु आषाढांत एके रात्रीं वीज गेली. ओटीवर कंदिलाच्या उजेडांत सगळीं मंडळी बसलीं असतां मुलानें हळूच ती खालीं काढली आणि पानें उलटूं लागला. शेजारीं आत्याबाई बसल्या होत्या. या आमच्या वडिलांच्या धाकट्या भगिनी. वय नव्वदीच्या पलीकडे. दृष्टि मात्र अजून शाबूत. त्यांनीं एका चित्रावर बोट ठेवलें आणि म्हणाल्या, “अरे, हेंच तें! पाय खालीं सोडलेलें.”

येथें वाचकांस आमच्या घरची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. १९४२ सालीं आत्याबाईंनीं रत्नागिरीवरून गेलेलें जपानी विमान आपल्या डोळ्यांनीं पाहिलें, ही कथा आम्ही पाळण्यांतून ऐकत आलों. पाहुणे आले, मुंज असली, लग्न असलें, कीं पंगत उठल्यावर ही कथा व्हावयाचीच. आत्याबाई सांगत: “मी आठ वर्षांची होतें. हनुमान जयंती होऊन चार-आठ दिवस झाले होते. आंगणांत फणसाचे पापड वाळत घातले होते आणि मी कावळे राखीत बसलें होतें. किल्ल्याच्या बाजूनें घरघर आली. वर पाहतें तों विमान. पाय खालीं सोडलेले, घार कोंबडीच्या पिलावर येते तसे. तें भाट्याच्या खाडीकडे गेलें. आईनें मला हाताला धरून ओढलें. पापड तसेच राहिले, आणि कावळ्यांनीं नेले.” कावळ्यांपाशीं सगळीं हंसत, आणि कथा संपे.

मुलाचा आनंद गगनांत मावेना. तो म्हणाला, “आत्याआजी, तूं खरेंच पाहिलें असशील! त्या सुमारास नव्या विमानांचे पाय उडतांना पोटांत घेण्याची रीत पडली होती. पण या विमानाचे पाय कायमचे बाहेरच. चाकांवर हें विजारीसारखें आवरण आहे ना, तीच याची खूण.” मग त्यानें सर्वांस सगळें विमान समजावून दिलें. आम्हीही कान देऊन ऐकूं लागलों, हें कबूल केलें पाहिजे.

जपानी लोक या विमानास ‘नमुना ९९’ म्हणत. याचें कारण मोठें गमतीचें आहे. जपानची स्वतःची एक कालगणना आहे. आमचा शके १८६१ किंवा इसवी सन १९३९ म्हणजे त्या गणनेनें २५९९. त्या वर्षीं आरमारानें हें विमान स्वीकारलें, म्हणून ९९. अमेरिकनांस हीं नांवें उच्चारावयास अवघड; त्यांनीं शत्रूच्या लढाऊ विमानांस पुरुषांचीं आणि बाँबफेक्यांस स्त्रियांचीं नांवें दिलीं. त्या हिशेबानें हें ‘व्हॅल’ आणि मागाहून आलेलें डी-४-वाय तें ‘ज्यूडी’. “जाळपोळ करणाऱ्यांस तेवढीं बायकांचीं नांवें कां?” असा प्रश्न माजघरांतून आला. त्याचें उत्तर कोणत्याच ग्रंथांत नव्हतें.

सूर मारण्याचें मर्म मुलानें असें सांगितलें. तीन हजार मीटर उंचीवरून सोडलेला बाँब खालीं येण्यास सुमारें पंचवीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत ३० नॉट वेगानें जाणारी युद्धनौका साडेतीनशें मीटरांहून अधिक पुढें निघून जाते. मग नेम लागावा कसा? म्हणून वैमानिकानें बाँब वरून न सोडतां स्वतःच बाँबाबरोबर खालीं यावें, आणि अगदीं जवळ आल्यावर तो सोडून वर उसळावें. खाडीवर खंड्या पक्षी मासा धरण्यास जसा सूर मारतो तसें. उतरतांना वेग हाताबाहेर जाऊं नये म्हणून पंखांखालीं रोधक फळ्या असत. पोटाखालचा २५० किलोग्रामांचा बाँब आपल्याच पंख्यावर आपटूं नये म्हणून तो एका चौकटीनें झोंका देऊन बाहेर काढीत. आंत माणसें दोन: पुढें चालक, आणि मागें पाठीकडे तोंड करून बसलेला तोफखान्या. अशीं सुमारें दीड हजार विमानें झालीं. ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर गेलेल्या विमानांत हीं १२९ होतीं.

त्या रात्रीं चोपडीची किंमत वसूल झाली असें सर्वांस वाटलें. बंधूंनींही ‘ठेव कपाटांत’ म्हणून टाकलें. घरची कथा इंग्रजी ग्रंथानें खरी ठरविली, यापरतें दुसरें भाग्य कोणतें!

परंतु मुलगा तेथें थांबला नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं तो कागदपेन्सिल घेऊन आमच्याकडे आला. चेहरा उतरलेला. तो म्हणाला, “काका, हिशेब जुळत नाहीं.”

हिशेब असा. एप्रिल १९४२ मध्यें अॅडमिरल नागुमो पांच विमानवाहू नौका घेऊन हिंदी महासागरांत शिरला. ५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारीं, त्यानें कोलंबोवर हल्ला केला. त्याच दुपारीं त्रेपन्न ‘व्हॅल’ विमानांनीं सिलोनच्या नैर्ऋत्येस ‘डॉर्सेटशायर’ आणि ‘कॉर्नवॉल’ या दोन इंग्रजी क्रूझर नौका सुमारें वीस मिनिटांत बुडविल्या; ४२४ माणसें गेलीं, आणि अकराशेंहून अधिक माणसें समुद्रांत एक रात्र काढून दुसऱ्या दिवशीं हातीं लागलीं. ९ तारखेस त्रिंकोमाली झालें, आणि ‘हर्मिस’ ही विमानवाहू नौका, तिच्यावर एकही विमान नसतांना, याच विमानांनीं तळास धाडली. तींत ३०७ माणसें गेलीं. मधल्या दिवशीं, ६ एप्रिलला, दुसऱ्या एका तांड्याच्या विमानांनीं विशाखापट्टण आणि काकिनाडा येथें बाँब टाकले. हें सर्व सिलोनच्या दक्षिणेस आणि पूर्वेस, म्हणजे बंगालच्या उपसागराच्या अंगास. अरबी समुद्रांत, आपल्या किनाऱ्यास, तो तांडा आलाच नाहीं. कोलंबोहून रत्नागिरी सरळ रेषेंत तेराशें किलोमीटरांवर आहे. नौका तर कोलंबोच्याही पलीकडे. आणि फ्रान्सिलन यांच्या ग्रंथांत या विमानाचा पल्ला दिला आहे सुमारें १,४७० किलोमीटर. नौकेवरून उडालेल्या विमानास परत नौकेवर यावयाचें असतें. म्हणजे त्याची धांव फार तर त्याच्या निम्मी, साडेसातशें किलोमीटरांच्या आंत. “काका, तें इथें येऊंच शकत नव्हतें.”

आम्हीं दोन वेळां हिशेब तपासला. चूक नव्हती. आम्हीं विचारलें, “मग आत्याबाईंनीं काय पाहिलें?” त्यानें त्याचाही शोध केला होता. १९४० पासून मुंबईस हिंदी विमानदलाच्या राखीव वैमानिकांची एक किनारारक्षक तुकडी होती. तिच्याकडे ‘वापिटी’ नांवाचीं जुनाट विमानें असत. तीं समुद्रावर गस्त घालीत. त्यांचेही पाय कायमचे खालीं. फरक एवढाच कीं, त्यांस पंखांच्या दोन जोड्या, एकीवर एक. म्हणजे आत्याबाईंनीं पाहिलें तें बहुधा आपल्याच बाजूचें, आपलें रक्षण करणारें विमान.

आतां हें आत्याबाईंस सांगावें कीं नाहीं? आमचें मत पडलें, सांगूं नये. आठ दशकें जपलेली कथा एका कोष्टकानें मोडून म्हातारपणीं त्यांस दुखविण्यांत काय मिळवावयाचें? मुलगा म्हणाला, “मग ही चोपडी मी कशाला घेतली?” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अखेर त्यानेंच रात्रीं जेवणें झाल्यावर भीतभीत विचारलें, “आत्याआजी, त्या विमानाला पंखांची एक जोडी होती कीं दोन?”

“अरे, पंख मोजायला कोण थांबलें होतें?” आत्याबाई म्हणाल्या. मग त्यानें सगळें सांगितलें. आत्याबाईंनीं शेवटपर्यंत ऐकून घेतलें. त्यांचा चेहरा लहान झाला. “म्हणजे मी इतकीं वर्षें खोटें सांगत आलें,” एवढेंच बोलून त्या आंत जाऊन पडल्या. त्या रात्रीं आमच्या घरांत कोणीही सुखानें झोपलें नाहीं. बंधू मुलास बोलले. आमच्या घरांतूनही बोलणीं बसलीं. आणि आम्हींही मनांत चोपडीस शिव्या दिल्या.

खरें म्हणजे यांत खोटें कांहींच नव्हतें. त्या महिन्यांत मद्रासेंतून माणसांचे लोंढे बाहेर पडले, सरकारी कचेऱ्या आंतल्या मुलुखांत हलल्या. दोन वर्षांनीं, १४ एप्रिल १९४४ रोजीं, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ ही दारूगोळ्यानें भरलेली बोट उडाली, तेव्हां मुंबईच्या शहाण्यासुरत्या माणसांसही जपानी विमानें आलीं असेंच प्रथम वाटलें. मग आठ वर्षांच्या मुलीस वाटलें यांत नवल काय? भीति खरी होती. विमानाचें नांव तेवढें चुकलें. हें आम्हीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं आत्याबाईंस सांगावयास गेलों. परंतु त्या आमच्याआधींच उठून तुळशीपाशीं बसल्या होत्या, आणि मुलास त्यांनींच हांक मारली.

“तुझ्या पुस्तकानें एक बरें केलें,” त्या म्हणाल्या. “विमान जपानी नव्हतें, तर मग आई इतकी कां घाबरली, तें मी रात्रभर आठवीत होतें. आई मला घेऊन घरांत पळाली नव्हती. ती आगराच्या टोंकाला पळाली. आपल्या माडांचे नारळ पाडायला भंडारी यायचा, त्याचें घर तेथें होतें. त्याचा थोरला मुलगा मुंबईहून आगबोटीवर खलाशी म्हणून गेला होता. सोंवळ्याओंवळ्याचे ते दिवस. पण आईनें त्याच्या आईला घट्ट धरलें, आणि दोघी रडल्या. मला वाटलें होतें, विमानाला भिऊन रडल्या. त्या वर्षीं लावणी संपतां संपतां कागद आला. मुलगा बोटीबरोबर गेला. मी कथा सांगत राहिलें, पापडांची आणि कावळ्यांची. हें सांगायचें राहूनच गेलें.”

मुलानें विचारलें, “त्याचें नांव काय?”

आत्याबाई थबकल्या. आम्हीही थबकलों. ज्या घरांत त्या विमानाची कथा शंभर वेळां सांगितली गेली, त्या घरांत त्या मुलाचें नांव कोणास येत नव्हतें. तो ‘भंडाऱ्याचा थोरला’ एवढाच उरला होता.

वाचकहो, चोपडीच्या एका पानावर विमानाच्या शेंपटीवरचीं अक्षरें आणि आंकडे दाखविले आहेत; त्यांवरून कोणतें विमान कोणत्या नौकेचें, हें ऐंशी वर्षांनीं घरबसल्या ओळखतां येतें. पराभवाच्या वेळीं जपान्यांनीं आपलीं दप्तरें मोठ्या प्रमाणावर जाळलीं. त्या जातीच्या दीड हजार विमानांपैकीं आज अवशेष तेवढे उरले आहेत. तरीही परक्या मुलुखांतील अभ्यासकांनीं मोडक्या तुकड्यांवरून आणि धुरकट छायाचित्रांवरून रंगाची छटासुद्धां ठरविली. आणि आमच्या आगराच्या टोंकावरून गेलेल्या माणसाचें नांव आम्हांस ठाऊक नसावें!

महाभारतांत एका अक्षौहिणीचे २१,८७० रथ आणि तितकेच हत्ती मोजून सांगितले आहेत. परंतु व्यासांनीं तेथें लेखणी ठेवली नाहीं. युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व आहे. त्यांत गांधारी रणांगणावर फिरते आणि एकेकास नांवानें ओळखते. मोजदाद आणि ओळख हीं दोन्ही एकाच ग्रंथांत आहेत. आम्हीं पुतण्याच्या चोपडीस ‘मरणाचीं यंत्रें मोजणारी’ म्हणून नांवें ठेविलीं. परंतु मोजणें हा दोष नव्हता. पुढचें पर्व लिहावयाचें आमच्याकडे राहिलें होतें.

त्या युद्धांत इंग्रजांच्या व्यापारी बोटींवरील खलाशांत सुमारें चौथा हिस्सा हिंदी होता. सारंग, टंडेल, आगवाले, भांडारी, खानसामे; मुंबईस भरती होणाऱ्यांत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील हिंदु-मुसलमान माणसें फार. नागुमो सिलोनपाशीं होता त्याच दिवसांत दुसऱ्या जपानी तांड्यानें बंगालच्या उपसागरांत सुमारें वीस व्यापारी बोटी बुडविल्या. ‘हर्मिस’ बुडाली तेव्हां पाण्यांत पडलेल्या सुमारें सहाशें माणसांस ज्या ‘व्हिटा’ नामक रुग्णनौकेनें उचललें, ती मूळची ब्रिटिश इंडिया कंपनीची उतारूबोट. त्या कंपनीच्या बोटी हिंदी खलाशांच्याच जिवावर चालत. सूर मारणाऱ्या विमानांच्या इतिहासांत या माणसांस एखादी ओळ मिळते, ती ‘बोट बुडाली’ एवढीच.

त्यांचीही एक वही आहे, हें मुलानें शोधून काढलें. मुंबईस मशीद बंदरानजीक खलाशांचें विश्रामगृह आहे. दुसऱ्या महायुद्धांत समुद्रांत गेलेल्या हिंदी आरमाराच्या आणि व्यापारी बोटींवरील सुमारें ६,५०० माणसांच्या नांवांची वही तेथें ठेवलेली असून तिची दुसरी प्रत चितगांवच्या युद्धस्मशानांत आहे. परंतु त्या वहींत शोधावयाचें तर माणसाचें नांव, बापाचें नांव आणि गांव हीं तीन तरी पक्कीं हवींत. कारण हीं नांवें परक्या लिपींत, कानास आलीं तशीं लिहिलेलीं.

त्या भंडारी कुटुंबाचीं नातवंडें आज रत्नागिरींतच आहेत. मुलगा आत्याबाईंस रिक्षांतून घेऊन त्यांच्याकडे गेला. तीन पिढ्यांत आमच्या घरचें माणूस त्यांच्या घरीं असें प्रथमच गेलें. त्यांनीं नांव सांगितलें, आणि देव्हाऱ्याशेजारचें एक पिवळें पडलेलें छायाचित्र दाखविलें. आत्याबाईंनीं त्यास ओळखलें. त्या घरच्यांचा विचार घेतल्यावांचून तें नांव येथें छापणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. परंतु आमच्या घरच्या वहींत तें आतां लिहिलेलें आहे. दिवाळीच्या सुट्टींत मुलगा आणि त्या घरचा एक नातू मिळून मुंबईस जाणार आहेत.

आतां भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. अशा पुस्तकास कपाटांत जागा अवश्य द्यावी. मात्र घेतांना तीन गोष्टी पाहाव्यात. छायाचित्राखालीं स्थळ आणि काळ दिला आहे कीं नाहीं. जेथें ग्रंथकारास निश्चित ठाऊक नाहीं तेथें त्यानें तसें म्हटलें आहे कीं नाहीं. आणि यशाबरोबर अपयशही लिहिलें आहे कीं नाहीं. या विषयावरील चांगल्या ग्रंथांत हें असतें: सिलोनवर गेलेल्या पांच नौकांपैकीं तीन अवघ्या दोन महिन्यांनीं मिडवेपाशीं अमेरिकन विमानांनीं तसाच सूर मारून बुडविल्या, आणि १५ ऑगस्ट १९४५ रोजीं, सम्राटांनीं शरणागति जाहीर केल्यावरही, अॅडमिरल उगाकी ‘ज्यूडी’ जातीचीं विमानें घेऊन मरावयास गेला व आपल्याबरोबर तरुण पोरांसही घेऊन गेला. हें वाचून कोणत्याही मुलास युद्धाची हौस वाटणार नाहीं.

जुनी प्रत घ्यावयाची तर मधलीं रंगीत पानें जागेवर आहेत ना, तें आधीं पाहावें. तींच काढून विकलेलीं असतात. कोंकणच्या दमट हवेंत तारेच्या टांचण्या गंजतात आणि गंज कागद खातो. म्हणून दर पावसाळ्यानंतर कोरड्या दिवशीं पुस्तिका उघडून वारा द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवींत घट्ट कोंडूं नये. ओल आंतच राहते. वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळूं नये. तो कागद स्वतः पिवळा पडतो आणि दुसऱ्यासही पाडतो. आडवी ठेवावी, आणि कपाटांत वेखंडाचे तुकडे टाकावेत.

आणि तिच्याशेजारीं एक कोरी वही ठेवावी. घरांतील वडील माणसें जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें; त्याखालीं ग्रंथांवरून जें पडताळतां येईल तें लिहावें; आणि त्याखालीं त्या गोष्टींत जीं माणसें आलीं त्यांचीं नांवें, बापाचें नांव आणि गांव यांसह लिहावींत. आमच्या वहींत पहिल्या पानावर आत्याबाईंची कथा आहे. ‘जपानी विमान’ हे शब्द खोडलेले नाहींत. मुलानें त्यांखालीं हिशेब मांडला आहे, आणि आत्याबाईंनीं तो वाचून शेजारीं थरथरत्या अक्षरांत सही केली आहे. गेल्या आठवड्यांत पाहुणे आले तेव्हां कथा पुन्हां निघाली. या वेळीं ती कावळ्यांपाशीं संपली नाहीं.